पाडव्याचा घास

आबा, तुम्ही गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं आणि पहिल्यांदा आला तो राग. रडू नंतर आलं. संतूने फोन केला होता, पण त्या दिवशी मी नांदगावकडे मेंढ्या तपासत होते, रेंज नव्हती, आणि नंतर मिस्ड कॉलच्या गर्दीत तुमच्या पोराचं नाव खाली गेलं. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘आबा गेले. दहाव्याला या.’ बस, एवढंच. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा काढायचा नाही, ही तुमच्या घरची रीत. मी लॅबमध्ये उभी होते, हातात मोजे घातलेले, आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला लागले. असं कसं जाता हो तुम्ही? मला तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. बारा वर्षं राहिलं होतं, आणि मी आपली धरून चालले होते की आबा कुठे जातायत.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हा कागद कुणीतरी वाचून दाखवावा लागला असता, आणि तुम्ही मध्येच तंबाखू मळत ‘हां, हां, पुढं’ म्हणाला असतात. तर पुढेच जाते.

मी तुमच्या वस्तीवर पहिल्यांदा आले तेव्हा नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. जन्म माझा पंचवटीतला. मेंढी जवळून पाहिली ती थेट व्हेटर्नरी कॉलेजात. येवल्याच्या अलीकडे माळावर तुमची धनगरांची सात-आठ घरं, मध्ये एक लिंब, आणि त्या लिंबाला मी आमच्या प्रकल्पाचा तक्ता टांगला. मोठ्या उत्साहाने समजावून सांगायला लागले. गुणी मेंढी झाली तरी वर्षाला एक, फार तर दोन कोकरं देणार. तिला इंजेक्शनं दिली की एकाच वेळी पुष्कळ बीजं तयार होतात. मग मेंढा दाखवायचा, आणि आठवडाभरात तिच्या पोटातले इवले इवले गर्भ धुऊन बाहेर काढून साध्या मेंढ्यांच्या पोटात एकेक ठेवायचे. म्हणजे एका चांगल्या मेंढीची पाच-सहा कोकरं एकाच हंगामात. सगळे बसून ऐकत होते. तुम्ही सगळ्यांच्या मागे होतात. तुम्ही विचारलंत, मग त्या कोकराची आई कोण? मी म्हटलं, गर्भ जिचा ती.

‘आन पाच म्हयने पोटात वागवनारी कोन? घरमालकीन?’

सगळी वस्ती हसली. माझे कान गरम झाले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तुमच्या कारभारणीने, हिरामावशींनी, चहाचा कप पुढे केला आणि माझी सुटका झाली. तो वाद आपण तेव्हापासून घालत आलो. मी गुणसूत्रं सांगायची, तुम्ही दूध सांगायचात. मी म्हणायची रंग, बांधा, जुळी देण्याचा गुण, सगळं त्या पहिल्या मेंढीचं येतं. तुम्ही म्हणायचात, कोकरू ओरडलं की धावत कोण येतं ते सांग. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही, आणि आता तुम्ही असे मध्येच उठून गेलात.

एकदा तुम्हाला नाशिकला आणून मी सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ दाखवला होता. कोण माझा रुबाब! तुम्ही एक डोळा मिटून, पागोटं एका हाताने सावरत पाहिलंत आणि म्हणालात, हा तर शिजलेला साबुदाणा आहे, यात मेंढी कुठाय? मी चिडले. मग तुम्ही पुन्हा वाकलात आणि या वेळी बराच वेळ मान वर केलीच नाहीत. शेवटी हळूच विचारलंत, याला इथे थंडी तर वाजत नाही ना. मी तुम्हाला उबवणपेटी दाखवली, तापमानाचा आकडा दाखवला. आकडा तुम्हाला कळला नाही. तुम्ही काचेला तळहात लावून ऊब बघितलीत आणि मान हलवलीत. माझ्या कामावर तुमचा विश्वास त्या दिवशी बसला असं मला वाटतं, पण तुम्ही तसं कधी बोलून दाखवलं नाहीत.

आणि तुम्ही मला शिकवलंत ते तर मोजता येणार नाही. मेंढी माजावर आलेली कशी ओळखायची ते पुस्तकात पाच ओळींत लिहिलेलं आहे. तुम्ही मला सकाळी कळपाच्या मधोमध उभं केलंत आणि म्हणालात, हलायचं नाही, नुसतं बघ, कोण कोणाच्या मागे जातंय. तासाभरात मला दिसायला लागलं. कोकराला जवळ न घेणाऱ्या मेंढीसमोर कुत्रं आणून बांधायचं, म्हणजे ती आपसूक पिलाला पोटाखाली घेते, हेही तुमचंच. सगळ्यात तुम्ही बरोबर असायचात असं मात्र नाही हां. त्या भुऱ्या मेंढीच्या पोटाला हात लावून तुम्ही पैजेवर सांगितलं होतं की एकच आहे आणि नर आहे. सोनोग्राफीत मला दोन दिसत होते. दोन झाले आणि दोन्ही माद्या. तुम्ही जराही न लाजता म्हणालात की मेंढीने ऐनवेळी मन बदललं. मी त्या दिवशी इतकी हसले की मावशी बाहेर येऊन विचारून गेल्या काय झालं.

आता टिकलीकडे येते. यावं तर लागणारच आहे.

टिकली काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. तिची पणजी तुमच्या वडिलांच्या मेंढवाड्यात होती. चारा नसलेल्या सालातही टिकली दोन कोकरं द्यायची आणि दोन्ही आपल्या दुधावर वाढवायची, एकालाही कधी डावलायची नाही. मी नेमकी तीच मागितली. तुम्ही आठ दिवस काही उत्तरच दिलं नाहीत. मग एका सकाळी म्हणालात, न्या, तिचं वय होत चाललंय, तिच्या पोटच्या चार-पाच वाढल्या तर वाड्याचं भलं होईल. तुम्ही ‘पोटच्या’ म्हणालात ते मी बरोबर पकडलं आणि वाद जिंकल्यासारखी हसले. तुम्ही हसला नाहीत.

दिवाळी झाली की तुमचा कळप इगतपुरीकडे भाताच्या खाचरांत खतासाठी बसायला निघतो. म्हणून आमचं सगळं काम त्याच्या आत उरकावं लागतं. मेंढीला औषधाचा स्पंज बसवला की पुढचे दिवस आपोआप ठरत जातात, अमक्या दिवशी तो काढायचा, तमक्या दिवशी मेंढा, त्यानंतर सातव्या दिवशी ऑपरेशन. मी दिवस अगदी बरोबर मोजले. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनांत काय छापलंय ते पाहिलं नाही. ऑपरेशन आलं भाऊबीजेला. ऑपरेशनात मेंढीला उताणी, डोकं खाली करून झोपवतात, आणि पोट भरलेलं असेल तर ते उलटून श्वासात जातं, म्हणून आदला अख्खा दिवस तिला उपाशी ठेवायचं. तो आदला दिवस होता दिवाळीचा पाडवा.

पाडव्याला धनगराच्या वाड्यात काय असतं ते मला कुठे ठाऊक होतं! मेंढ्यांना धुवायचं, गेरूचे पट्टे ओढायचे, वाड्यात शेणीच्या विस्तवावर दूध उतू घालायचं, ओवाळायचं, आणि मग घरच्या कर्त्याने प्रत्येक मेंढीला आपल्या हाताने गूळ-भाकरीच्या मलिद्याचा घास भरवायचा. घरात दुखवटा असला तरी मेंढ्यांचा पाडवा चुकवत नाहीत, असं तुम्हीच मला पुढे सांगितलंत. पण मी तारीख कळवली तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, ‘पाडव्याला?’ मी म्हटलं, हो. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. डॉक्टरने दिवस मोजलेत म्हणजे ते बरोबरच असणार, असं तुम्ही धरून चालला असणार.

पाडव्याच्या दुपारी मी पिकअप घेऊन टिकलीला न्यायला आले. सगळा कळप धुतलेला, रंगवलेला, आणि टिकली एकटी बाजूला बाभळीला बांधलेली, तोंडाला मुसकं. मी सांगितलं होतं ते तुम्ही तंतोतंत केलं होतं. बाकीच्यांना घास मिळत होते आणि ती ओरडत होती. मावशी माझ्याकडे न बघता, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तशा म्हणाल्या की आजच्या दिवशी तोंड बांधलेलं जनावर वाड्याबाहेर काढायचं म्हणजे काय. तुम्ही त्यांना समजावलंत, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यात काहीतरी असेल. तुम्ही माझी बाजू घेतलीत, आबा.

आणि मी काय केलं? मला तुम्ही सगळे आवडायला लागला होतात. मला तुमच्यात चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. मी टिकलीपाशी गेले, स्वतःच्या हाताने मुसकं सोडलं, परातीतला एक मोठा घास घेतला आणि तिला भरवला. म्हटलं, एका घासाने काही होत नाही. मावशींचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. त्या कुंकवाची कोयरी घेऊन आल्या, मी कपाळ पुढे करून वळले, आणि टिकलीने पुढच्या परातीत तोंड घातलं. तुम्ही परात ओढायला हात पुढे केलात. मग थांबलात आणि माझ्याकडे पाहिलंत.

‘ताई, चालंल का?’

मी म्हटलं, ‘चालेल.’

त्यावर तिने मलिदा खाल्ला, वर बादलीतलं पाणी प्यायली. किती, ते कुणी बघितलं नाही. मी बायकांबरोबर फोटो काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये बाहेरगावचे मोठे साहेब आले होते, आणखी दोन डॉक्टर होते, सगळी मांडामांड झालेली. टिकलीला आज नको, एवढंच मी म्हणायचं होतं. तिचे गर्भ वाया गेले असते, साहेब बोलले असते, मेंढी वाचली असती. मी म्हणाले नाही. मनात म्हटलं, थोडंच तर खाल्लंय. तिला भुलीचं इंजेक्शन दिलं, उताणी केलं, डोकं खाली केलं. काही मिनिटांत तिच्या तोंडातून, नाकातून हिरवट पाणी आलं आणि सगळ्या खोलीत गुळाचा वास सुटला. तुम्ही तिच्यासोबत आला होतात, डोकं तुम्हीच धरलेलं होतं. तुम्ही तिला आडवी केलीत, पागोटं सोडून त्याने तिचं तोंड पुसत राहिलात. मी नळी घातली, छाती दाबली, जे येत होतं ते सगळं केलं. ती गेली.

साहेब म्हणाले, वेळ घालवू नका, गर्भ काढून घ्या. मी काढले. माझे हात चालत होते. तुम्ही उठून दारात जाऊन पाठमोरे उभे राहिलात. पाच गर्भ मिळाले, पाचही चांगले.

मग साहेबांनी विचारलं, हिला खायला कुणी घातलं? इथे मला लिहायला आवडेल की मी तोंड उघडणार होते, पण तुम्ही माझ्या आधी बोललात. तसं नव्हतं. मी उघडणार नव्हते. मी हातातल्या नळीकडे बघत होते. तुम्ही दारातूनच म्हणालात,

‘म्या घातलं, साहेब. पाडवा व्हता.’

साहेब जे बोलले ते त्यांच्यासारखी माणसं बोलतात तेच. या लोकांना शिस्त लावता येत नाही, यांच्यावर काम टाकण्यात अर्थ नाही. तुम्ही हात जोडून ऐकून घेतलंत. त्यानंतर मी अहवाल लिहिला. ‘पशुपालकाने उपाशी ठेवण्याची सूचना पाळली नाही.’ अक्षर माझं, सही माझी. आबा, गप्प बसणं एकवेळ भीतीपोटी होतं. हे लिहिणं मी टेबलाशी बसून, चहा पिऊन, शुद्धलेखन तपासून केलं.

तुमची वस्ती प्रकल्पातून काढली. माळावरच्या लोकांनी तुम्हाला बोल लावले, यांच्या पाडव्यापायी आपल्या मेंढ्यांचं नशीब गेलं म्हणून. तुम्ही ‘खरं हाय’ एवढंच म्हणायचात, असं मला कुणीकुणी सांगितलं. आणि मी स्वतःची समजूत घालून घेतली. आबा माझ्यासाठी खोटं बोलले. पोरीची नवी नोकरी, म्हणून त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. मला तुमच्याविषयी इतकी कृतज्ञता वाटायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्याच्या आड गप्प बसणं फार सोपं होतं. तुम्ही वागण्यात काडीचा फरक पडू दिला नाहीत. त्यामुळे ते आणखी सोपं झालं.

त्या पाच गर्भांतली दोन कोकरं चैत्रात जन्मली. एक मादी, कपाळावर ठिपका. मी फोन केला, तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीने हजर. ती एका बांड्या, दांडग्या मेंढीला लुचत होती. आता आबा रडणार किंवा वाद घालणार, असं मला वाटलं. तुम्ही बसून पाहिलंत आणि फक्त विचारलंत, आई नीट पाजते ना? मी हो म्हटलं. कुठली आई, असं विचारायचं मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी विचारलं नसतं. कोकरू प्रकल्पाचं होतं, तुम्ही मागितलं नाहीत. मग दरवर्षी कळप घेऊन इगतपुरीकडे जाताना तुम्ही वाट वाकडी करून तिला बघून जायचात. तिच्या लेकी आज आमच्या कळपात आहेत.

मागच्या थंडीत मी इगतपुरीला आले होते ते सांगायलाच. मोठे साहेब निवृत्त झाले होते, लॅब माझ्याकडे आली होती, भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. तुम्ही कापलेल्या भाताच्या खाचरात घोंगडीवर बसला होतात. मला बाजूला बसवलंत, गुडघ्यांची तक्रार केलीत, संतूचं कौतुक केलंत. संतूला प्रकल्पात यायचंय म्हणालात. तुमची वस्ती पुन्हा घ्याल का, असं विचारलंत, आणि वर म्हणालात की मी त्याला बजावलंय, माझ्यासारखं करू नको, डॉक्टर सांगतील तसंच करायचं. तुम्ही माझ्याकडे बघून हे म्हणालात, सरळ, साध्या डोळ्यांनी. वाक्य माझ्या ओठांवर होतं. आणि मी काय बोलले? बीपीची गोळी वेळेवर घेत जा. हे बोलले मी. त्याची लाज मला आज टिकलीच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

दहाव्याला गर्दी होती, मी मागे उभी राहून परत आले. गेल्या आठवड्यात पुन्हा वस्तीवर गेले. संतूने प्रकल्पाला सहा मेंढ्या दिल्यात. आमच्या नव्या डॉक्टरने तारखा काढून दिल्या होत्या, तो कागद तुमच्या ओट्यावर बसून मी पहिल्यांदा नीट पाहिला. तिनेही दिवस अगदी बरोबर मोजले होते. उपाशी ठेवायचा दिवस पाडवा. मी संतूला म्हणणार होते की हे बदलून घेऊ, तर तोच आधी बोलला.

‘मॅडम, तुम्ही घोर करू नका. यंदा नाय आन इथून पुढंबी नाय, आपल्या वाड्यात पाडवा बंद. आबांनी जे केलं ते माझ्याकडनं व्हनार नाय.’

मावशी शेजारीच सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. तुमच्या आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं ते सगळं, गेरू, दूध, घास, तुमचं पोर बंद करायला निघालं होतं. एका खोट्या ओळीवर. माझ्या ओळीवर. मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, ‘संतू, घास मी भरवला होता. मुसकं मी सोडलं. आबांनी मला विचारलं होतं चालेल का, आणि मी चालेल म्हटलं.’

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं. मावशींचे हात सुपात चालूच होते. त्या म्हणाल्या, खरं आहे, मी होते तिथं. मग संतूने त्यांना विचारलं की एवढी वर्षं तू बोलली का नाहीस. त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘म्या लय येळा म्हनलं त्यांना, पोराला तरी सांगा. तर म्हनायचे, घास कुनीबी भरवू दे, मेंढी माझ्या दावनीची व्हती. मेंढीनं एकदा परातीत तोंड घातलं की ती थांबत नाय, ते ताईला काय ठावं, ती शहरातली. मला ठावं व्हतं. म्या परात वढायला हात पुढं केला आन थांबलो. चूक माझीच हाय.’

मग संतूने, खाली बघतच, मला सांगितलं की त्या वर्षानंतर तुम्ही पाडव्याला कधी घास भरवला नाहीत. मेंढ्या धुवायचात, पट्टे ओढायचात, दूध तुमच्याच हाताने उतू घालायचात. मलिद्याची परात बाहेर आली की ती संतूच्या हातात द्यायचात आणि कुंपणाबाहेर जाऊन उभे राहायचात. लोकांना वाटायचं गुडघे दुखतात. संतूने एकदाच आग्रह केला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या हाताने नको.

आबा, मी तो कागद फाडला. ऑपरेशनं आता पाडव्यानंतर आहेत, संतूचा कळप इगतपुरीला आठवडाभर उशिरा निघेल. जुन्या अहवालातली ती ओळ खोडून खरी ओळ लिहिली आणि आजच्या तारखेची सही केली. हे सगळं एका सकाळीत झालं. इतकं सोपं होतं. वाड्यात यंदा पाडवा होणार की नाही ते संतूने मला सांगितलं नाही. मावशींनी मला बोलावलं नाही आणि मी विचारायला धजले नाही.

बारा वर्षं मी समजत होते की तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तुम्ही खोटं बोललाच नव्हतात. तुमचा त्यावर विश्वास होता. ते ओझं तुम्ही माझं म्हणून उचललं नव्हतंत, तुम्हाला ते तुमचंच वाटत होतं, आणि ते उतरवणारं वाक्य फक्त माझ्यापाशी होतं. कोकरू बघायला आलात तेव्हा होतं. दरवर्षी वाट वाकडी करून आलात तेव्हा होतं. खाचरात घोंगडीवर बसलो तेव्हा होतं. मी तुमची समजूत घालायला गेले असते तर तुम्ही ऐकलं नसतंत, हे मला कळतं. पण डॉक्टर म्हणून सांगितलं असतं तर ऐकलं असतंत. डॉक्टर सांगते ते तुम्ही ऐकायचात. दर पाडव्याला मी इथे पंचवटीत आईच्या हातचा फराळ खात होते, आणि तुम्ही आपल्याच वाड्याच्या कुंपणाबाहेर उभे होतात.

मला रडू येतंय, आणि ते तुमच्या काही कामाचं नाही.

घास मी भरवला, आबा. तुम्ही विचारलंत आणि मी चालेल म्हटलं. तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं.